नातं नसल्याचा दाखला

मी जिथं शिकले त्या कॉलेजच्या प्रवेश अर्जात एक ओळ माझ्यामुळं आहे. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नसलं तरी. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी गेले ती थेट दीड दिवसाच्या रेल्वेनं, देशातली हुशार आणि पैसेवाली पोरं जिथं जातात त्या कॉलेजात. पदवी घेतली. ती आईनं काचेच्या चौकटीत घालून अशा जागी टांगलीय की पाणी मागायला आलेल्या माणसालाही दिसावी. पण पदवी काय, वर्गातल्या सगळ्यांनाच मिळाली. ती ओळ तेवढी माझी एकटीची.

ओळीचं सांगायचं तर बसपासून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून आत आहे. फाट्यावर सकाळी एक बस यायची, ती तालुक्याला जायची, आणि तालुक्याला माझं ज्युनिअर कॉलेज. बसची वेळ सात दहा. यायची सात चाळीसला, मनात आलं तर पावणेआठला. पहिला तास भौतिकशास्त्राचा, तो रोज बुडायचा. फाट्यावर आम्ही पाच पोरी असायचो. बाकीच्या चौघी तेवढ्या वेळात एकमेकींच्या वेण्या सोडून पुन्हा घालायच्या आणि मी वहीत वेळ लिहायचे.

ही सवय घरातली. आण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. संध्याकाळी कळप मोजायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. मेंढरं मोजून घ्यायला काही उभी राहत नाहीत, त्यामुळं हलणारी गोष्ट मोजायचा हात मला बसला होता. बस तर सोपी होती. ती एकच होती.

वहीत चार रकाने केले होते. तारीख, यायची वेळ, आलेली वेळ, कारण. कारण मी कंडक्टरला विचारायचे आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहायचे. "टायर." "म्हैस आडवी." "डायवरचं पोट दुखायलंय." पुष्कळदा काही सांगायचेच नाहीत, तेव्हा मी "चहा" लिहायचे, कारण तो त्यांच्या मिशीला असायचा.

चार महिने असं लिहिलं आणि डेपोत जाऊन तक्रारीचा अर्ज दिला, सोबत वहीची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि सही घेतली. याला पोच म्हणतात. आण्णांना वाचायला जड जातं, पण घरातलं कुणी कुठल्याही ऑफिसातून आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पोच घेतली का?" मी घेतली होती. पत्र्याच्या पेटीत, माझ्या दहावीच्या मार्कमेमोखाली ठेवली.

आठवड्याभरात कंडक्टरला डेपोकडून ताकिदीचा मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी बस फाट्यावर आली ती सात दहाला. कंडक्टर खाली उतरले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. बाकीच्या चौघी मागं सरकल्या.

"वही दाव," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला, पान न् पान वाचलं. आतले प्रवासी खिडकीतून बघत होते. शेवटी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"या दिवशी म्या रजेवर व्हतो. उमरग्याला, गावाकडं. ही गाडी दुसऱ्यानं आणली. माझ्या नावावर कामून टाकलीस?"

मी आठवून बघितलं. खरं होतं. पेन काढलं आणि ओळ खोडली.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं हाय तसं हाय," ते म्हणाले आणि घंटी मारली.

त्या दिवसापासून बस वेळेवर यायला लागली. दारातच उभे राहून ते ओरडायचे, "सात दहा. लिवून घे." मीही लिहायचे. कारणाचा रकाना रिकामा राहायला लागला. एकदा त्यांनीच विचारलं, रकाना रिकामा बरा दिसत नाही, तर "कर्तव्य" असं लिहिलं तर चालतंय का. नाही म्हटलं. महिन्याभरात मी त्यांना मामा म्हणायला लागले. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडं कंडक्टर म्हणजे मामाच. सगळी बस म्हणायची. पण मी जास्त म्हणायचे, कारण आमचं भांडण झालेलं होतं.

बारावीच्या वर्षी भौतिकशास्त्राच्या सरांनी, म्हणजे ज्यांचा तास आता मला पूर्ण मिळायला लागला होता त्यांनी, मला त्या लांबच्या कॉलेजबद्दल सांगितलं. तिथं संख्याशास्त्र शिकायला मिळतं. संख्याशास्त्र म्हणजे काय विचारल्यावर सर म्हणाले, "तुझी बसची वही, पण जगाची." मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज बघितलं नाही अशी काही पोरं ते कॉलेज दरवर्षी घेतं, राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडं. अर्ज सरांच्या मोबाइलवर भरला. सगळं भरून झालं आणि एका ओळीवर अडलं.

शिफारसपत्रं दोन हवी होती. एक शिक्षकाचं, ते सर देणार होते. दुसरं अशा माणसाचं, जो तुमचा शिक्षक नाही, नातेवाईक नाही, पण तुम्हाला चांगलं ओळखतो.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली.

"नातेवाईक न्हाय आन् चांगला वळखतोय? असा कोण असतोय?"

"शोधू की."

"आन् असला तर तो परका माणूस तुझं चांगलं कामून सांगंल? त्याला काय पडलंय?"

त्या कॉलेजात मोठमोठ्या विद्वानांकडं शिकले, पण आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शोधायला बसलो तर गाव संपून गेलं. सरपंच माझे चुलत आजोबा. किराणा दुकानदाराला आई राखी बांधते, ते मामा. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आत्या. शिंपी काका आण्णांचे मानलेले भाऊ, आणि मानलेलं तर सख्ख्यापेक्षा कडक असतं. पोस्टमनच्या बायकोचं आणि माझ्या थोरल्या काकूचं माहेर एकच. दवाखान्यातल्या नर्सबाई तेवढ्या नगरकडच्या होत्या, मला जरा आशा वाटली, तर आईनं आठवण करून दिली की संक्रांतीला तिनं त्यांची ओटी भरलीय आणि तेव्हापासून त्या मावशी आहेत.

"सगळ्या गावाला नात्यात घेऊन ठेवलंस," मी म्हटलं.

"मंग काय सोडायचं होतं का कुणाला?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उभी होते. बस आली. दारातून आवाज आला, "सात दहा. लिवून घे." आणि मी वहीत लिहिता लिहिता थांबले. उमरग्याचा माणूस. आमच्या गावात त्याचं कुणी नाही. शिक्षक नाही. आणि मला ओळखतो.

मामांनी एका दमात होकार दिला, पत्राला मात्र आठ दिवस घेतले. त्यांनी आयुष्यात डेपोला दिलेले अहवाल सोडून काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं पत्र आलं तेही अहवालच होतं. विषय: प्रवासी विद्यार्थिनीबाबत. "सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रवासी ही दोन वर्षांपासून नियमित प्रवास करीत असून एकदाही विनापास आढळून आलेली नाही. सदर प्रवासी गाडीच्या वेळेची नोंद ठेवते. नोंदीतील चूक दाखवून दिली असता तिने वाद न घालता खोडली. निम्नस्वाक्षरीकाराच्या सेवेत चूक खोडणारा माणूस दुसरा पाहण्यात आलेला नाही. तरी तिला जागा देण्यात यावी ही विनंती. खिडकीजवळची दिल्यास उत्तम, तिला मळमळते."

तक्रारीचा त्यात एक शब्द नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ते घरातलं हाय. बाहेरच्याला कामून सांगायचं?"

पत्र कुठल्याही भाषेत चालत होतं. सरांनी फोटो काढून पाठवून दिलं.

बारावीची परीक्षा झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मोबाइलवरच होती, सरांच्या घरी, मागं त्यांच्या बायकोनं मुद्दाम पुस्तकं रचून ठेवली होती. पलीकडं पांढऱ्या केसांच्या एक मॅडम आणि एक तरुण सर. हिंदीत बोला म्हणाले. गणिताचं विचारलं, मेंढरांचं विचारलं, वहीचं विचारलं. माझी गाडी एकदम चालली होती. मेंढरं पटकन मोजायची कशी ते मी त्यांना बोटांवर करून दाखवलं आणि तरुण सरांनी पलीकडं आपली बोटं हलवून बघितली.

मग मॅडमनी विचारलं, "आणि हे पत्र कुणी लिहिलंय?"

"मामाने," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. हिंदीतही मामा म्हणजे मामाच, हे माझ्या ध्यानात यायला दोन वाक्यं गेली, आणि त्या दोन वाक्यांत मी आणखी चारदा मामा म्हणाले.

"म्हणजे तुमच्या आईचे भाऊ?" तरुण सरांनी विचारलं.

"नही नही. वो सबके मामा है."

"सबके? कितने भांजे है उनके?"

"पूरी गाडी," मी म्हटलं.

मॅडम हसल्या, पण हसता हसता त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही त्यांना फोन करून खात्री करून घेऊ. मी म्हटलं, जरूर करा. मामा सांगतील ना, त्यात काय.

फोन आला तेव्हा मी बसमध्येच होते, सरांकडं निघाले होते. मामांनी एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन लावला, आणि सगळ्या बसला दिसेल असे दांड्याला टेकून उभे राहिले.

"हां जी. बोलतोय. म्हणजे, बोल रहा हूं." मग बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडं बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी अभिमानच म्हणेन. "पहचानता मतलब? भाची है हमारी. एकदम घर की बच्ची है."

फोन ठेवला आणि मला मान हलवून खूण केली, काम झालं म्हणून. मागच्या सीटवरच्या बायका म्हणाल्या, चांगलं सांगितलं बगा. माझ्या पायाखालची बस गेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची मेल आली. सरांनी मला मराठीत सांगितली. माझी दुसरी शिफारस नातेवाइकाची असल्याचं दिसतंय, तशी ती चालत नाही, पाच दिवसांत खुलासा करावा, नाहीतर अर्ज बाद. नवीन पत्र घ्यायची मुदत संपलेली होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"नातं नाही हे दाखवायचं," सर म्हणाले. आणि मग जरा थांबून, "ते कसं दाखवतात कुणास ठाऊक."

मी पहिल्यांदा मामांनाच धरलं. बस तालुक्याच्या स्टँडवर उभी होती.

"मामा, भाची कामून म्हणालात?"

"मंग काय म्हणू? परवासी?"

"परवासीच म्हणायचं होतं."

"येवढ्या लांबून बाई इचारायलीय, पोरगी कशी हाय म्हणून. आन् म्या म्हणू, कोण की बा, परकी हाय, गाडीत बसती? ती म्हणंल, पोरीला गावात कुणी धड इचारत बी न्हाय."

"मग आता लिहून द्या. आमचं काही नातं नाही म्हणून. दोन ओळी."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "दुसरं काय बी लिवून घे. तुला परकी म्हणून लिवायला माझा हात वळायचा न्हाय."

तिथून मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, म्हणजे तिथंही नातं आलंच. त्यांना म्हटलं, एक दाखला पाहिजे. त्यांनी पेन उघडलं. रहिवासाचा? उत्पन्नाचा? वंशावळ?

"नातं नसल्याचा."

त्यांनी पेन बंद केलं. "कुणाशी?"

"बसच्या कंडक्टरशी."

"लग्नाबिग्नाचं काही आहे का?"

"नाही हो भाऊसाहेब. कॉलेजचं आहे."

त्यांनी कपाटातली नमुन्यांची फाइल काढली आणि खरंच सगळी चाळली. भला माणूस. "हयातीचा आहे," म्हणाले. "विभक्त कुटुंबाचा आहे. शौचालय असल्याचा आहे. नातं नसल्याचा नमुनाच नाही. आजवर कुणी मागितला नाही."

पाचातले दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, मी येते, मी समजावते त्यांना. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. आईला समजावणं एकाच प्रकारचं येतं.

बसमध्ये ती मामांच्या समोरच्या सीटवर बसली, पदर नीट केला आणि सुरू झाली.

"भाऊ, गाव कंचं तुमचं?"

"उमरग्याकडं, आक्का."

"उमरग्याकडं कुठं?"

मामांनी गावाचं नाव सांगितलं. आईचे डोळे बारीक झाले. ते मला माहिती आहेत. तिला अनोळखी माणूस द्या, तीन प्रश्नांत ती त्याला पाव्हणा करून देते.

"आमच्या कळंबच्या मामीची बहीण तिकडंच दिलीया," ती म्हणाली.

"कुणाच्या घरी?" मामा तिकिटं फाडायचे थांबले. त्यांनाही गोडी लागली होती.

"आई, थांब," मी म्हटलं. "दोन दिवस थांब."

"तुझ्याच कामाचं बोलायले की."

"घराच्या म्होरं मोठं चिंचंचं झाड हाय का?" मामांनी आईला विचारलं.

"चिंचंचंच," आई म्हणाली.

आता बसही कामाला लागली. मागून एक आजी म्हणाल्या, उमरग्याकडं आमची बी सोयरीक हाय, चिंचवाले म्हंजे ते पाटलाच्या शेजारचे का? एक गृहस्थ म्हणाले, निघंल, नातं निघंल, जरा दम धरा. मला समोर माझा अर्ज दिसत होता आणि अख्खी बस मिळून त्याचे तुकडे करत होती, तेही इतक्या प्रेमानं की कुणाला बोलायची सोय नाही. मामीच्या बहिणीचा दीर एवढ्यापर्यंत पोचले होते. आणखी एक घर ओलांडलं असतं तर संपलं असतं.

मी उठले आणि घंटीची दोरी ओढली.

डायवरनं कचकन ब्रेक मारला. आजींची पिशवी पुढं गेली, लिंबं सीटखालून घरंगळली, आणि लिंबं गोळा करण्याच्या नादात बहिणीचा दीर सगळ्यांच्या डोक्यातून गेला. मी रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या बसमध्ये उभी राहून सांगितलं, सगळं. कॉलेज काय, नियम काय, नातं निघालं तर काय होईल.

"म्हंजे," आजी लिंबू पुसत म्हणाल्या, "आपला माणूस हाय म्हणून सांगितलं तर जागा जाती?"

"व्हय."

"अवघडच कॉलेज हाय."

मामांनी तिकिटांच्या पेटीचं झाकण उघडलं, खालचा पुठ्ठा उचलला आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला. कडा झिजलेल्या होत्या. मेमो. माझ्या तक्रारीवरून त्यांना मिळालेला, वर माझ्या अर्जाचा आवक नंबर.

"माझ्या नोकरीत येवढा एकच हाय," ते म्हणाले. "म्या परकी म्हणून लिवणार न्हाय. पण हे दाव त्या बाईला. म्हणावं, सख्ख्या भाचीनं मामाला मेमो आणला असं कुठं घडलंय का इचार."

मी कागदाकडं बघत राहिले. त्यावरचा नंबर मला पाठ होता. घरी पत्र्याच्या पेटीत, दहावीच्या मार्कमेमोखाली, तोच नंबर होता.

"पोच हाय की तुझ्याकडं," आई म्हणाली. ती अक्षरं ओळखत नाही फार, पण शिक्के ओळखते.

त्या दिवशी मी तशीच माघारी घरी गेले, पेटी उघडली, आणि मिळेल त्या गाडीनं पुन्हा तालुक्याला आले. तक्रारीची पोच, वहीची पानं, मामांचा मेमो, सगळ्याचे फोटो सरांनी पाठवले. खुलासा मी स्वतः लिहिला. तीनच वाक्यं होती. आमच्याकडं जो रोज भेटतो त्याला नात्याचं नाव देतात. ज्याच्यावर लेखी तक्रार करता येते तो नातेवाईक नसतो. सोबत पोच जोडली आहे.

नंतरचे दिवस घरात फार मजेचे गेले, निदान आता आठवताना. आई सारखी म्हणायची, आता येवढं झालंय तर त्यांना राखीच बांधते. मी म्हणायचे, आई, निकाल लागेपर्यंत बांधू नकोस, कुणी फोटो काढला तर. ती म्हणायची, कोण काढंल. मी म्हणायचे, कुणी बी काढंल. आण्णा तेव्हा नळदुर्गकडं होते, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवत. रोज फोन करायचे आणि मेंढरांचा आकडा सांगून झाला की विचारायचे, "त्या मामाचं काय झालं? अजून न्हाय ना लागत आपला कुणी?" मी म्हणायचे, अजून तरी नाही. "मंग बरं," म्हणायचे.

मग एका दुपारी मॅडमचाच फोन आला. त्यांच्या मागं कुणीतरी हसत होतं. माझी निवड झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि मी काही बोलायच्या आधी विचारलं, "एकच सांग, बस अजून वेळेवर येते का?"

"सात दस," मी म्हटलं. "लिख लिजिए."

मी आण्णांना फोन लावला. वारं आणि घंट्यांचा आवाज येत होता. निवड झाली म्हटल्यावर ते म्हणाले, "पोच घेतली का?"

"आण्णा, पत्र येतंय. तीच पोच."

"ठिवून दे नीट," ते म्हणाले, आणि मग फोन न ठेवता मेंढरांना हाका मारत राहिले, मला ऐकू येईल अशा.

पुढच्या वर्षी त्या कॉलेजच्या अर्जात ती ओळ बदलली. "नातेवाईक नसलेली" याच्या जागी "रक्ताने किंवा लग्नाने नातेवाईक नसलेली व्यक्ती" असं आलं, आणि खाली बारीक अक्षरांत, "तुम्ही त्यांना कोणत्याही नात्याने हाक मारत असलात तरी चालेल." ही ती ओळ. फाट्यावरच्या चौघींपैकी एकीनं, जी माझ्या मागच्या वर्गात होती, त्याच वर्षी अर्ज भरला. शिफारस मामांची. तिच्यासाठीही त्यांनी खिडकी मागितली होती. तिला मळमळत नाही.

मी निघाले तो दिवस राहिला. धाराशिवहून रेल्वे होती आणि तिथवर जायला आमची तीच सकाळची बस, पुढं तालुक्याला बदलायची. राखी पुनव पंधरा दिवसांवर होती. आईला तेवढा धीर नव्हता. सात दहाला बस आली, मामा दारातून ओरडायच्या आत आई वर चढली, त्यांचा हात धरला आणि राखी बांधली. मग ओवाळलं. ताटातली वात वाऱ्यानं तीनदा विझली, डायवरनं तीनदा काडी लावून दिली. लिंबंवाल्या आजी होत्या, त्या म्हणाल्या, आता बांधा खुशाल, आता काय करतंय कॉलेज.

मी खिडकीजवळ बसले. बारावी झाल्यामुळं पास संपला होता. मामा राखीचा हात पुढं करून उभे राहिले.

"तिकीट."

"मामा, आता तर भाची झाले की मी. खरीखुरी."

"आमाला घरच्यांसाठी मिळतोय त्या पासात बायको बसती, लेकरं बसत्यात, आईबाप बसत्यात," ते म्हणाले. "भाची नियमात न्हाय. फुल तिकीट." बायांना अर्धं तिकीट व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी फुल तिकीट काढलं.

घंटी वाजली, बस हलली आणि शंभर पावलांवर पुन्हा थांबली. रस्त्यात आण्णांची मेंढरं होती. सगळा कळप, आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आण्णा मधोमध काठीवर हनुवटी टेकून उभे होते आणि कळप हलवायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

"दाजी," मामा दारातून ओरडले, "गाडीला उशीर व्हायलाय."

"व्हय की, पाव्हणं," आण्णा म्हणाले. "मोजू द्या तिला."

मी खिडकीतून मोजले. दोन-दोन, तीन-तीन, बोटांवर. आकडा ओरडून सांगितला. आण्णांनी मान हलवली आणि काठी उचलली.

बस सुटली तेव्हा मामा माझ्या सीटपाशी आले, घड्याळात बघितलं, वहीकडं बघितलं. "आजचं लिवू नकोस," म्हणाले.

मी वही काढली. तारीख घातली. यायची वेळ सात दहा, आली सात दहा, सुटली सात एकतीस. राहिला कारणाचा रकाना. मामा वाकून बघत होते.

मी लिहिलं: नातेवाईक.